वीस अंशांच्या अलीकडे

पुराणिकांविरुद्ध आमच्या सिंगापूरच्या ब्लॉकमध्ये एकदा लेखी तक्रार झाली होती. एक वयस्क गृहस्थ रोज सकाळी खालच्या गवतावर चाबूक फिरवतात, त्यामुळे मुलं घाबरतात, अशी. तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण चाबूक म्हणणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. हातात नऊ फुटी लवचिक रॉड, तिच्यातून निघालेली लांबच लांब पिवळी दोरी, आणि दोरीच्या टोकाला गळाऐवजी नारिंगी लोकरीचा तुकडा. दोरी हवेत मागे जायची, पुढे यायची, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि मग लोकरीचा तुकडा अलगद गवतावर बसायचा. वरच्या पुलावरून एलआरटीची छोटी ट्रेन जायची आणि ऑफिसला निघालेली माणसं खिडकीतून माना वळवून बघायची. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने घरी येऊन जाहीर केलं, "बाबा, पुराणिक अंकल इज फिशिंग ऑन द ग्रास, लाह!"

मी म्हटलं, करू दे. ते माझे साहेब आहेत.

दिगंबर पुराणिक रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम बघायचे, म्हणजे कोणतं काम अंगाशी येईल ते आधी सांगायचं. मी त्यांच्या विभागात कॉम्प्युटरची बाजू सांभाळायचो. राहायला दोघंही बुकित पंजांगला. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत कॉन्डो घेणं त्यांना अजिबात जड नव्हतं, पण त्यांचं म्हणणं, तिथे दोरी फेकायला एवढं मोकळं गवत कुठे आहे? स्विमिंग पूल आहे हो, पण त्यात मासे नाहीत. हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की हसावं की नाही ते समोरच्याला कळायचं नाही.

हा नाद त्यांना तरुणपणी लागला. पहिली नोकरी भारतातल्या एका बँकेत. तिने उचलून त्यांना थेट हिमाचलात टाकलं. डोंगरातली चिमुकली शाखा, दुपारनंतर गिऱ्हाईक नाही. शेजारी वनखात्यातले एक निवृत्त अधिकारी राहायचे. त्यांनी या नाशिकच्या शाकाहारी पोराला ट्राउट पकडायला शिकवलं. ट्राउट म्हणजे डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यातला मासा, अंगावर लाल-काळे ठिपके, आणि भलता चाणाक्ष. त्याला गांडूळ वगैरे लावायचं नाही. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून खोटी माशी करायची, ती पाण्यावरून खऱ्या माशीसारखी वाहू द्यायची, आणि मासा फसला की त्याला ओला हात लावून, गळ काढून परत सोडायचं. नदीचं नाव त्यांनी मला पहिली सात वर्षं सांगितलं नाही. नुसतं 'नदी' म्हणायचे. मी पुढे तिथे जाऊन आलो, पण नाव इथे लिहिणार नाही. त्यांना आवडलं नसतं.

त्यांच्या घरी गेलं की जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माशांचा. म्हणजे खोट्या माश्यांचा. चिमटे, मेण, रंगीत दोरे, आणि आइस्क्रीमच्या डब्यांत भरलेली पिसं. आमच्याकडे ब्लॉकखाली रानकोंबडे मोकाट फिरतात. पहाटे आरवतात म्हणून अख्खी वस्ती त्यांना शिव्या देते, आणि पुराणिक मात्र पिशवी घेऊन त्यांच्या मागून पिसं वेचत फिरायचे. मालतीवहिनी कपाळाला हात लावायच्या.

"खायचा नाही, विकायचा नाही, घरी आणायचा नाही. मग पकडायचा कशाला हो तो मासा?" त्या मला विचारायच्या, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने.

"बघायला," पुराणिक चिमट्यातून मान वर न काढता म्हणायचे. "तो खालून वर येतो ना, माशी घ्यायला, ते बघायला. एक क्षणभर दिसतो. मग सगळं झालं."

"एका क्षणासाठी अडतीस वर्षं माझ्या टेबलाची वाट लावली यांनी," वहिनी म्हणायच्या आणि साबुदाण्याच्या खिचडीची बशी उरलेल्या अर्ध्या टेबलावर आदळायच्या.

एप्रिल उजाडला की त्यांचा रोजचा फोन सुरू व्हायचा. नदीकाठी भगतराम नावाचा त्यांच्याच वयाचा वाटाड्या राहायचा. इथले साडेदहा म्हणजे तिकडचे आठ. मीटिंग चालू असो की वरिष्ठ समोर असोत, पुराणिक काचेच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे. "भगतरामजी, पानी कैसा है?" मग ते नुसते ऐकत राहायचे. बर्फ किती वितळलं, दुपारी पाणी गढूळ होतंय का, कुठल्या डोहात मासे आहेत, पाण्याचे अंश किती. खाली बंदरात बोटी उभ्या, तिथलं पाणी बारा महिने कोमट, आणि हा माणूस साडेचार हजार किलोमीटरवरच्या नदीचं तापमान डायरीत लिहून घेतोय. पुढे आमच्या विभागात ती म्हणच पडली. कुणी तावातावाने बॉसकडे निघाला की पुराणिक विचारायचे, "पाणी विचारलंस का?" म्हणजे समोरचा आज कुठल्या मनःस्थितीत आहे ते पाहिलंस का? निम्मे लोक परत जागेवर येऊन बसायचे.

अंशांचं त्यांना एवढं का होतं ते मला एका जूनमध्ये कळलं, आणि चांगलंच महागात पडून कळलं. शाळांना सुट्टी होती. पुराणिकांनी ऑफिसातल्या आम्हा चौघांना बायकामुलांसकट नदीवर नेलं. सिंगापूर, दिल्ली, चंदीगड, तिथून गाडीने दहा तास, तीन पोरांना रस्ताभर उलट्या. पोचलो तेव्हा नदी अशी सुरेख की विचारू नका. निळंशार पाणी, खालचा गोटा न् गोटा दिसतोय. सकाळी साडेनऊला पुराणिक काठावर गेले, सावलीतल्या धारेत थर्मामीटर बुडवला, मनात साठ आकडे मोजले, बघितलं आणि रॉड परत पिशवीत घातली.

"एकवीस. आज नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"वीसच्या वर गेलं की मी नाही धरत. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. त्यात आपण त्याला पाच मिनिटं झुंजवायचं. तो सुटून जातो रे, आपण टाळ्या वाजवतो, आणि अर्ध्या तासाने तो कुठल्यातरी दगडामागे मरतो. आपल्याला दिसत नाही एवढंच."

आम्ही म्हटलं, अहो, सोडून देणारच आहोत ना? ते म्हणाले, "सोडला म्हणजे सुटला असं नसतं." दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकवीस. पहाटे पाणी थंड असायचं, पण आमच्यातलं कोण पहाटे पाचला उठतंय? चार दिवस आम्ही व्हरांड्यात पत्ते कुटले. माझी बायको तर त्यांच्याशी बोलेनाशी झाली. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतका आडमुठा माणूस आयुष्यात पाहिला नाही असं वाटलं. परतीच्या गाडीत ते मागच्या सीटवर पोरांमध्ये बसून शांत झोपले होते, आणि त्या शांत झोपेचाही मला राग आला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांचे डोळे बिघडले. पडद्याचा आजार. नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग, तो हळूहळू पसरत जाणारा. इंजेक्शनं झाली, दुसऱ्या डॉक्टरांचं मत झालं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे तुमच्याकडे बघायचं तर ते तुमच्या कानाकडे बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, मागे कोणी उभं आहे की काय. खोट्या माश्या करणं संपलं. वहिनींना अख्खं टेबल परत मिळालं आणि त्याच टेबलावर डोकं ठेवून त्या एका दुपारी माझ्यासमोर रडल्या.

"मिलिंद, त्यांना एकदा नदीवर ने. माझे गुडघे असे, मी त्या दगडांवरून उतरू शकत नाही. डॉक्टर म्हणतात भर उन्हात अजून वर्षभर थोडंफार दिसेल. पुढचं काही खरं नाही. त्यांना एक मासा वर येताना बघायचाय, बस. दुसरं काही मागत नाहीत रे."

त्याआधीचे दोन उन्हाळे भगतरामने फोनवरच नको म्हणून सांगितलं होतं. बर्फच पडलं नव्हतं. पाणी उतरलेलं, तापलेलं. तिसऱ्या वर्षीही बातमी तीच होती, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. विमानात त्यांनी मला एकच काम सांगितलं. "चिमटा, गाठी, दोरी, सगळं मी हाताने करीन. मला थर्मामीटर वाचता येत नाही. तेवढा तू वाच."

पाच दिवस हातात होते. त्या पाच दिवसांत काय अडलं ते नीट सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. पहाटे पाणी सतरा असायचं. पहाटे मासे धरायला काहीच हरकत नव्हती. पण डोंगराआडच्या त्या करड्या उजेडात पुराणिकांना पाणीसुद्धा दिसायचं नाही, माशी तर सोडाच. ऊन दरीत उतरायला साडेनऊ व्हायचे. ऊन उतरलं की त्यांना दिसू लागायचं, आणि ऊन उतरलं की पाणी तापू लागायचं. ऊन लख्ख होईतो, दहा वाजता, वीसच्या वर.

पहिल्या पहाटे त्यांनी नुसत्या कानांनी मासा धरला. भगतराम म्हणाला, "अभी," त्यांनी मनगट उचललं, मासा लागला. ओल्या हाताने त्याला धरून त्यांनी पाण्यातच गळ काढला आणि सोडला. मी आनंदाने ओरडलो. ते म्हणाले, "याच्यासाठी नव्हतो आलो मी." दिवसभर ते काठावरच्या एका खडकावर नदीकडे कान करून बसले. दुसरा, तिसरा, चौथा दिवस तसाच. मी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर बुडवायचो. वीस, साडेवीस, एकवीस. तुम्हाला सांगतो, मी त्या पाऱ्याला मनातल्या मनात आईवरून शिव्या दिल्या. चौथ्या रात्री जेवताना ते वहिनींशी फोनवर बोलले, "नाही गं, छान चाललंय," आणि पोळीचा तुकडा ताटात चाचपत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता ऊन लख्ख पडलं. वरच्या खळाळाखाली, एका मोठ्या दगडाच्या कडेला, मासा वर येत होता. दर मिनिटाला पाण्यावर एक गोल उमटायचा. पुराणिक मान तिरकी करून बघत होते.

"तिथे आहे ना? दगडाच्या डावीकडे?"

"हो."

"दिसला मला. गोल दिसला." त्यांनी रॉडकडे हात नेला. "किती आहे?"

मी थर्मामीटर बाहेर काढला. पारा एकवीसच्या जरा वरच होता. मी म्हटलं, "एकोणीस."

"सावलीत घेतलंस?"

"सावलीत घेतलं."

भगतरामने माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण एकोणीस कळलं असणार, आणि पाण्यात उभं राहून ते एकोणीस नाही हे त्याला कळत होतं. आपली टोपी काढून त्याने पुन्हा डोक्यावर ठेवली.

पुराणिक पाण्यात उतरले. बुकित पंजांगच्या गवतावर रोज चालायची तीच हालचाल, मागे, पुढे, मागे, पुढे. माशी दगडाच्या वरच्या अंगाला पडली आणि वाहत खाली आली. मग खालून तो आला. पिवळसर, हातभर लांब, घाई नसल्यासारखा. तोंड उघडलं, माशी आत गेली. पुराणिकांच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मुलाला अचानक उचलल्यावर निघतो तसला. "दिसला! मिलिंद, दिसला रे, अख्खा दिसला!" मी रडत होतो. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, लाज वगैरे काही नाही.

मासा मोठा होता आणि पुराणिकांच्या हातात पूर्वीचं बळ नव्हतं. आठ-नऊ मिनिटं लागली. शेवटी त्यांनी त्याला हातात घेतलं, गळ काढला, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि पाण्याखाली धरून ठेवलं. खूप वेळ धरलं. मग हात उघडले. मासा दोन हात पुढे गेला. तिथे थांबला, तिरका झाला, आणि उलटा होऊन आमच्यासमोरून खाली वाहत गेला. पांढरं पोट उन्हात दिसत होतं. मला दिसलं, भगतरामला दिसलं. पुराणिक दुसऱ्याच बाजूला, मासा जिकडे जायला हवा होता तिकडे, मान तिरकी करून उभे होते.

"गेला?"

"गेला," मी म्हटलं.

सिंगापूरला परतल्यावर त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, विकणाऱ्या काकूला सांगितली, गणपतीला जमलेल्या पन्नास जणांना सांगितली. मी शेजारी बसून मान डोलवायचो. वहिनी माझ्या पोरीसाठी दर सणाला डबा पाठवायला लागल्या आणि मी प्रत्येक डबा न उघडताच पोरीपुढे सरकवायचो. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एका माशाचं काय एवढं? म्हाताऱ्याला आनंद तर दिलास." असेलही. ती त्या पाण्यात उभी नव्हती.

पुढच्या मार्चपर्यंत दोन्ही डोळे जवळजवळ गेले. त्यांनी आणि वहिनींनी नाशिकला, वहिनींच्या भावाजवळ, जायचं ठरवलं. तिथेच ते दिवाळीआधी वारले. मी त्यांना शेवटचा भेटलो तो इथला त्यांचा शेवटचा रविवार. मी त्यांना फिरायला खाली नेलं होतं. तेव्हा ते माझा दंड धरून चालायचे, घट्ट, अगदी नख रुतेल असे. ब्लॉकखालच्या दगडी बाकावर आम्ही टेकलो.

"यंदा एप्रिलमध्ये भगतरामला फोन केला नाहीत," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"नाही केला." ते माझ्या कानाकडेसुद्धा बघत नव्हते आता, सरळ समोर बघत होते. "किती होतं रे त्या दिवशी?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा जमलं होतं.

"एकवीस. थोडं वरच."

त्यांनी मान हलवली. "हात पाण्यात होता माझा, मिलिंद. त्याला धरून उभा होतो तेव्हा. चाळीस वर्षं त्या पाण्यात हात घातलाय मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात, सर? मला का नाही झापलंत?"

"काय बोलणार? पाण्यात उतरलो तेव्हाच पायांना लागलं होतं. गमबुटातूनही लागतं. तू एकोणीस म्हणालास आणि मला एकोणीसच हवं होतं." मग त्यांनी विचारलं, "पोहत गेला नाही ना तो?"

"नाही."

"उलटा झाला?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

समोरच्या रस्त्यावरून बस गेली. कुणाची तरी मुलं सायकली घेऊन आरडाओरडा करत गेली. पुराणिक दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसले होते.

"वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलो मी," ते म्हणाले. "तू बाजूला बसून ऐकत होतास."

"सर, माझं चुकलं. मला तुमचं बघवेना, म्हणून मी…"

"तुझं नाही. म्हणजे तुझंही आहे. चल."

ते उठले. मी सवयीने दंड पुढे केला. त्यांना तो कुठे आहे ते नक्की माहीत होतं. त्यांनी तो धरला नाही. उजवा हात भिंतीला लावून, बोटांनी एकेक खांब मोजत, ते लिफ्टकडे निघाले. दोनदा चुकून सायकलींच्या स्टँडला अडकले, सोडवून घेतलं, पुढे गेले. मी दोन पावलं मागे चालत होतो, आणि मी मागे आहे हे त्यांना ऐकू येत होतं.